उतरताना सोळा

१

फाइल जागेवर होती. तेच तपकिरी पुठ्ठ्याचं कव्हर, तीच मळकट नाडी, वर तीच चिठ्ठी: 'मास्तर, चिटणीस. पत्रव्यवहार.' कलमने नाडी सोडून पहिला कागद उलटला. कोरा. दुसरा उलटला. तोही कोरा. मग तिने अंगठ्याने सगळी चळत सरसर सोडून पाहिली. पन्नासेक कागद होते आणि त्यांतल्या एकावरही शाईचा ठिपका नव्हता.

"सर," ती म्हणाली, "ही फाइल रिकामी आहे."

ग्रंथपालांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "रिकामी कशी? चांगली जाडजूड दिसतेय."

"तेच म्हणतेय. भरलेली आहे आणि रिकामी आहे."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा. एकुलती एक खिडकी कपाटामागे गेली होती. त्या पिवळ्या उजेडात कोऱ्या कागदांच्या कडा एकसारख्या, एका रेषेत दिसत होत्या. कलमला उगीचच वाटून गेलं की कागद तेच आहेत, फक्त त्यांच्यावरची अक्षरं उठून कुठेतरी निघून गेली आहेत. तिला स्वतःचाच राग आला.

कलम हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कुणी रांगेत मध्ये घुसलं तरी ते कोणत्या कलमात बसतं ते सांगायची, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव घरापर्यंत पोचलं होतं. तिला एक वेड होतं. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की इथल्या कायद्याप्रमाणे त्याचं पुस्तक सगळ्यांचं होई. अशी पुस्तकं शोधायची, मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची आणि अंध शाळेतल्या मुलांना, ज्याला हवी त्याला ऐकायला मोकळी करून द्यायची. त्यापुढे जाऊन तिचं म्हणणं असं की साठ वर्षंसुद्धा फार झाली. जे पुस्तक कुणी छापत नाही, ज्याला वारस नाही, ते त्याआधीच खुलं करावं. 'मेलेल्या माणसाचं कुलूप जिवंत माणसाच्या दाराला कशाला?' हे तिचं पेटंट वाक्य होतं, अर्थात पेटंट हा शब्द तिच्यासमोर काढायची कुणाची टाप नव्हती.

येत्या सोमवारी कायदा सुधारणा समितीपुढे ती हेच मांडणार होती. उदाहरण म्हणून तिने एक पुस्तक निवडलं होतं, 'रिकाम्या घरातल्या गोष्टी'. लेखक मास्तर. मुलांना थरकाप उडवणाऱ्या नऊ गोष्टी, तीस वर्षांत कुणी छापल्या नव्हत्या. कलमने महिनाभर खपून त्यांचं रेकॉर्डिंग पूर्ण करत आणलं, तेवढ्यात प्रकाशकाच्या पुतण्याची नोटीस आली: मास्तर वारून अठ्ठावन्नच वर्षं झाली आहेत, अजून दोन वर्षं पुस्तक आमचं आहे. मास्तर एके काळी या वाचनालयाचे चिटणीस होते आणि त्यांच्या फाइलीत मृत्यूचा दाखला होता. एकसष्ट वर्षांपूर्वीचा. समितीला तो दाखला अस्सल हवा होता.

"तू फोटो काढला होतास ना त्याचा?" ग्रंथपालांनी विचारलं.

"दाखल्याचा काढला. बाकीच्या फाइलीचा नाही."

जगातलं सगळं कॉपी करू द्या म्हणून भांडणाऱ्या मुलीने महिनाभर हाताशी असलेल्या फाइलीतल्या एकाच कागदाचा फोटो काढला होता. ग्रंथपाल भले माणूस, त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात असे आणि तो खण कुणालाही उघडता येई. कलमने कोरी चळत पिशवीत घातली आणि गुरुवारची ती लवकरच घरी आली. बाबा खाटेवर हेडफोन लावून बसले होते. तिची चाहूल लागताच त्यांनी मान तिरकी केली आणि हेडफोन काढला.

"अगं, मंगळवारचं रेकॉर्डिंग ऐकत होतो," ते म्हणाले. "एक सांग. तुझ्या आधी कोण वाचतंय?"

२

बाबांचे डोळे चार वर्षांपूर्वी साखरेने नेले. 'रिकाम्या घरातल्या गोष्टी' हे त्यांच्या शाळेच्या वयातलं पुस्तक, जवळजवळ पाठ. त्यांना ते पुन्हा भेटावं म्हणूनच खरं तर कलम या सगळ्यात पडली होती. कायदा वगैरे नंतर आला.

"माझ्या आधी म्हणजे?"

"तू 'जिना' म्हणतेस ना, त्याच्या अर्धा श्वास आधी कुणीतरी 'जिना' म्हणतं. आधी मला वाटलं, माझीच आठवण पुढे पळतेय. पण आठवण हेडफोनच्या डाव्याच बाजूने कशी येईल?"

कलमने हेडफोन घातला. तिचा स्वतःचा आवाज आला, जरा नाटकी, नेहमीसारखा. 'मी मोजल्या. चढताना सतरा, उतरताना सोळा.' तिने आवाज वाढवला. आता आवाजाखाली काहीतरी हलत होतं. सुक्या पानांवरून कुणी चालावं तसं. तिने आणखी वाढवला आणि मग ते शब्द झाले. घोगरे, श्वासातले, ना बाईचे ना पुरुषाचे. 'मी मोजल्या', असं तो श्वास आधी म्हणे आणि मागोमाग कलमचा आवाज तेच म्हणे. जणू तो सांगत होता आणि ती निमूटपणे त्याच्यामागून बोलत होती.

गोष्ट होती पायऱ्या मोजणाऱ्या मुलीची. एका रिकाम्या घरात ती रोज जाते. जिना चढताना सतरा पायऱ्या लागतात, उतरताना सोळाच. एक पायरी कुठे जाते? शेवटी तिचे वडील येतात, हात धरून तिला घरी नेतात आणि गोष्ट संपते.

"पुढे जा," बाबा म्हणाले. "वडील यायच्या जरा आधी. तू थांबतेस तिथे."

तिथे ती थांबली होती खरी. वाचनालयाच्या प्रतीत त्या जागी एक कोरं पान होतं, ते उलटायला वेळ गेला होता. हे थांबणं नंतर कापायचं असं तिने वहीत लिहूनही ठेवलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज थांबला. तो श्वास मात्र थांबला नाही. एकटाच पुढे बोलत राहिला, सावकाश, आणि कोरं पान उलटून होईपर्यंत बोलला. त्यातलं एकच वाक्य धड लागलं.

'सतरावी पायरी मीच होते.'

कलमने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"हे पुस्तकात नाही," बाबा म्हणाले. "लहानपणापासून मी विचारत आलोय, ती पायरी गेली कुठे. पुस्तकात उत्तरच नाही. मग हे कुणाला ठाऊक?"

३

रेकॉर्डिंगचं यंत्र सांभाळायचा तिचा वर्गमित्र डेसिबल. त्याच्या हातात कायद्याचं पुस्तक कुणी पाहिलं नव्हतं, कानात मात्र सदैव काहीतरी असे. शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या जिन्यात कलमने त्याला धरलं.

"तू मिसळलंस का हे?"

त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मी मिसळलं असतं तर याहून चांगलं मिसळलं असतं. हे वाचनालयातल्या आपल्या रेकॉर्डिंगच्या खोलीतच आहे, कलम. तुझा आवाज जिथे घुमतो तिथेच हाही घुमतो. डाव्या बाजूने येतोय."

"डावीकडे प्लायवूडची भिंत आहे."

"हो. आणि त्यापलीकडे दुरुस्तीच्या पुस्तकांचा ढीग." तो जरा थांबला. "मी उद्यापासून येऊ का नको?"

"ये गुपचूप."

डेसिबलला घाबरायचं नाटक करता येत नाही हे तिला माहीत होतं. तो परीक्षेलाही घाबरत नसे. त्याच्यावरचा संशय तिने तिथेच सोडला आणि वाचनालय गाठलं.

ग्रंथपालांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. नोटीस आल्यापासून ते फार बेचैन होते, आणि बेचैन माणूस फाइल नाहीशी झाली तर सुटकेचा निःश्वास टाकू शकतो. कलमने आडपडदा ठेवला नाही.

"सर, तुम्ही लपवलीत का?"

"मी? अगं, इथलं फाटकं वर्तमानपत्र टाकताना माझा जीव तुटतो." ते खरोखर दुखावले. "ती फाइल तर मी जपायला दिली होती. पाठ सुटली होती म्हणून पंधरवड्यापूर्वी मावशीकडून शिवून घेतली."

"कोणती मावशी?"

"आपली बाइंडरमावशी. मागे अंगणातून तिची खोली आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार येते. तिच्या वडिलांपासून हे काम त्यांच्या घरात आहे. बिचारीला अक्षरओळख नाही, त्यामुळे कसलेही गुप्त कागद द्यावेत. पण हात बघ तिचा." त्यांनी कलमच्याच हातातली 'रिकाम्या घरातल्या गोष्टी'ची प्रत उघडली. "ही प्रत सुटी होऊन आली होती. पत्ते पिसावेत तशी पानं. कोपरे कसरीने खाल्लेले, पानांचे आकडेसुद्धा गेलेले. मावशीने बरोबर लावली. एक पान इकडचं तिकडे नाही."

कलमने मान हलवली. तिचं अर्धं लक्ष पुतण्याकडे लागलं होतं. कोऱ्या चळतीच्या त्या सरळ कडा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. एवढे कागद इतके बिनचूक कापायचे तर कापायचं यंत्र लागतं, आणि तसं यंत्र छापखान्यात असतं. पुतण्याचा छापखाना दोन गल्ल्या सोडून होता.

४

पुतण्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मगच म्हणाला, "या, फुकटबाई. पुरावा आणलात?"

"पुरावा चोरीला गेलाय. तुम्हाला माहीत असेल."

तो हसला नाही, हे तिने टिपलं. तिशीतला, नीटनेटका, बाह्या दुमडलेल्या. मागे यंत्राचं पातं दाणदाण पडत होतं.

"मला कशाला हवा तो? फाइल गेली की पहिलं बोट माझ्याकडे वळणार, ते तुम्ही वळवलंतच. मला पुस्तक पुन्हा छापायचं आहे, चित्रं घालून. दोन वर्षं मिळाली तर बरं, नाही मिळाली तर माझं नशीब. मी काही चोर नाही."

"तुमच्याकडचे कापलेले चार कागद द्याल?"

त्याने भुवया उंचावल्या, पण दिले. कलमने ते खिडकीशी तिरके धरले. प्रत्येकाच्या कडेला एकाच जागी केसाएवढा ओरखडा होता.

"पात्याला खाच आहे," पुतण्या जरा ओशाळून म्हणाला. "बदलायचंय."

तिने पिशवीतली कोरी चळत काढली. एकाही कडेला ओरखडा नव्हता. हे यंत्राने कापलेलंच नव्हतं. सुरीने, पट्टी धरून, एकेक घाव सावकाश ओढून कापलं होतं, आणि कोपरे कोपऱ्यांशी तंतोतंत जुळवले होते. चोराला नुसती जाडी भरायची होती. रद्दीतले कुठलेही कागद चालले असते. हा चोर कोंबाकोंबी करूच शकला नव्हता.

निघता निघता तिने सहज विचारलं, "पायऱ्यांच्या गोष्टीत आणखी काही होतं का हो, छापायचं राहिलेलं?"

पुतण्याचा कप ओठांशीच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं? तेव्हा प्रकाशक माझे आजोबा होते, त्यांनी एक पान काढलं होतं. मुलं झोपणार नाहीत म्हणाले. हस्तलिखित मोत्यासारखं आलं होतं म्हणे, गोल गोल अक्षरात. मास्तरांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आजोबा नेहमी हसायचे त्यावर."

"ते पान आहे?"

"आजोबांनी तेव्हाच जाळलं. माझ्या काकांनीसुद्धा ते पाहिलं नाही." त्याने कप खाली ठेवला. "ते पान वाचलेली दोनच माणसं होती, कलमबाई. मास्तर आणि आजोबा. दोघंही कधीचे गेले."

५

शनिवारी सकाळी कलम स्वतःच्या रेकॉर्डिंगची वही घेऊन बसली. प्रत्येक दिवसापुढे तिने काय पुन्हा वाचावं लागलं आणि का, ते लिहिलं होतं. बाबा हेडफोन लावून एकेक दिवस ऐकत होते आणि तो श्वास आला की बोट वर करत होते.

सोमवार, काही नाही. मंगळवार, बोट वर. बुधवार, काही नाही. गुरुवार, बोट वर.

"मंगळवारी तू शिंकलीस," बाबा म्हणाले. "गुरुवारीसुद्धा."

तिने वही पाहिली. मंगळवार: 'खळीचा वास, शिंक आली, पुन्हा घेतलं.' गुरुवार: 'खळीचा वास, पुन्हा.' मागच्या आठवड्यातही तेच. ज्या दिवशी खळीचा वास, त्या दिवशी तो आवाज. पुस्तकांना लावायची खळ त्या भिंतीपलीकडे एकच बाई शिजवत होती.

पण मावशीला तर अक्षरओळख नव्हती. कलम तिथे अडखळली, आणि मग तिला ग्रंथपालांचं कौतुक आठवलं. पिसलेली पानं, गेलेले आकडे, आणि तरी एक पान इकडचं तिकडे नाही. न वाचता ते कोण लावेल? आणि बिनचूक पुस्तक बांधणाऱ्या हाताने नेमकं तिथेच एक कोरं पान का शिवावं, जिथून पुतण्याच्या आजोबांनी एक पान काढलं होतं?

तिने मोबाइलवर दाखल्याचा फोटो उघडला. महिनाभर ती त्यात फक्त तारीख बघत आली होती. आता तिने कडा मोठ्या केल्या. दाखल्याखाली दुसरा कागद होता, त्याची एक पट्टी बाहेर डोकावत होती. कोंबडीच्या पायांसारखं अक्षर. दीड ओळ लागली: 'दुसऱ्या आवृत्तीवर माझे नाव नको, मुलीचेच घालावे. मी तिला शब्द'

फाइल महिनाभर तिच्या हाताशी होती. ते पत्र तिच्या बोटांखालून गेलं होतं आणि तिने वाचलं नव्हतं. कुणी लिहिलं हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. कधी मेला एवढाच पडला होता.

दुपारी ती रेकॉर्डिंगच्या खोलीत एकटीच गेली. डेसिबलला तिने बाहेर बसवलं. भिंतींना टेकवलेल्या गाद्यांमुळे आत स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येई इतकी शांतता होती. खळीचा आंबूस वास भरून राहिला होता. तिने डावीकडची गादी हळूच सरकवली, प्लायवूडला जवळजवळ गाल लावला आणि पुस्तक न उघडता बोलायला सुरुवात केली.

"मी परत जिन्यापाशी आले. दिवा नव्हता. मी मोजल्या. चढताना सतरा, उतरताना..."

ती थांबली.

पलीकडे सुई कागदातून ओढल्याचा आवाज आला, तोही थांबला. मग भिंतीतून, तिच्या गालापासून वीतभर अंतरावरून, तो घोगरा श्वास म्हणाला, "सोळा."

कलम दचकली. कोण आहे ते माहीत असूनही दचकली. तिने ओठ ओले केले.

"मावशी," ती म्हणाली, "सतरावी पायरी तुम्हीच ना?"

६

अंगणातून वळसा घालून ती गेली तेव्हा दार उघडंच होतं. ब्याऐंशी वर्षांची बारीक अंगाची बाई शिवणचौकटीमागे बसली होती. सुई हातात तशीच. समोर एक खुर्ची पुसून ठेवली होती.

"ये. मला वाटलं होतं तू गुरुवारीच येशील," मावशी म्हणाली. मोठ्याने बोलली तरी आवाज तसाच, श्वासातला. "माझा गळा असाच आहे. इतकं ऐकू जातं होय तिकडे? मला कळत नाही मी पुटपुटते ते. पासष्ट वर्षांत कुणाच्या तोंडून ती गोष्ट ऐकली नव्हती, पोरी. तू वाचायला लागलीस आणि माझे ओठ हलायला लागले."

"तुम्हाला वाचता येतं हे कुणालाच माहीत नाही?"

"कुणी विचारलं नाही. आमचे वडील म्हणायचे, वाचत बसलीस तर शिवशील कधी? मग मी न वाचल्यासारखं करायची. पुढे सवयच लागली. वाचता येत नाही म्हटलं की लोक विश्वासाने हातात काहीही देतात."

सतराव्या वर्षी तिने एका वहीत त्या नऊ गोष्टी लिहिल्या होत्या. मास्तर वडिलांकडे पुस्तकं बांधायला आणायचे. त्यांनी वही पाहिली, नेली आणि सांगितलं, बाइंडरच्या मुलीचं नाव बघून कुणी पुस्तक उघडणार नाही, आता माझं घालू, दुसऱ्या आवृत्तीत तुझं. दुसरी आवृत्ती निघण्याआधी मास्तर गेले.

"मला वाटायचं ते विसरले. साठ वर्षं मी त्यांच्यावर राग धरला. मग ही फाइल शिवायला आली आणि त्यात प्रकाशकाला पाठवलेल्या पत्राची नक्कल. त्यांनी शब्द पाळला होता गं. प्रकाशकाने पाळला नाही." तिने डोळे पुसून कलमकडे पाहिलं. "शिवून तेव्हा मी फाइल परत दिली. पण मंगळवारी त्या भिंतीमागून तू तुझ्या मित्राला सांगत होतीस, सोमवारी दाखला ठेवते, लेखक मेलाय, कुणी उरलेलं नाही. मी इथे खळ ढवळत होते आणि तू मला मारून टाकत होतीस."

शरमेने कलमचे कान तापले.

"नुसतं पत्र काढलं असतं तर फाइल लंगडी दिसली असती, म्हणून सगळंच नेलं. मला दोनच दिवस हवे होते, ठरवायला. मी बोलले तर तुझं कलम काय म्हणतं, सांग."

कलमला ते झोपेतही सांगता आलं असतं. "लेखक हयात असेल तर पुस्तक त्याचं. तो असेपर्यंत, आणि पुढे साठ वर्षं."

"म्हणजे तुझ्या बाबांना मिळणार नाही. ती आंधळी मुलं ऐकायला बसलीत म्हणतेस, त्यांनाही नाही."

"नाही."

मावशीने मांडीखालून कापडात बांधलेला गठ्ठा काढला आणि कलमच्या हातात दिला. वर मास्तरांचं पत्र, त्याखाली दाखला. "घे. तूच ठरव. मी थकले."

हे फक्त दोघींनाच ठाऊक होतं. पत्र बाजूला ठेवून दाखला तेवढा पुढे केला असता तर सोमवार जिंकलेला होता, पुतण्या हरलेला होता आणि पुस्तक मोकळं होतं. कलमने तसा विचार केला नाही असं नाही. क्षणभर केला, आणि खोटं कशाला बोला, चांगला लांबलचक क्षण होता. मग तिची नजर मावशीच्या बोटांवर गेली. पासष्ट वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवून ती बोटं आकड्यासारखी वाकली होती.

"दाखला मी देणार नाही," ती म्हणाली. "रेकॉर्डिंग मागे घेते. पुस्तक तुमचं आहे."

"माझं आहे?"

"तुमचंच आहे."

मावशीने तो शब्द तोंडात जरा घोळवला. मग हसली, पहिल्यांदाच. "मग मागे कशाला घेतेस? माझं असेल तर मी देईन कुणालाही. सगळ्यांना दे, फुकट दे, काय हवं ते कर. मला नको त्याचं कुलूप. पण पोरी, आधी एकदा माझं होऊ दे. माझं नाव, आणि माझं पान. त्यानंतर सगळ्यांचं कर."

सोमवारी समितीच्या अध्यक्षांनी कलमचा अर्ज चष्म्याजवळ नेला. "लेखकाच्या मृत्यूची तारीख हा रकाना तुम्ही कोरा ठेवलाय."

"हो. लेखिका मागच्या रांगेत बसल्या आहेत."

सगळ्या माना वळल्या. पुतण्याची सर्वांत आधी. मावशीने पदर सावरला आणि कुणीतरी आपल्याला मोजतंय अशी ताठ बसली. कलमने महिनाभर घोटलेलं भाषण टेबलावर उपडं ठेवलं. कुलूप कधी काढायचं याचाच मी हिशेब करत बसले, ती म्हणाली, घर कुणाचं हे आधी विचारायला हवं होतं. दोन्ही प्रश्न कायद्यात एकाच ओळीत हवेत. नंतर बाहेर पुतण्या अदबीने पुढे आला आणि त्याने छापायची परवानगी मागितली. मावशी म्हणाली, छाप, पण बांधणी मी बघेन आणि ते पातं आधी बदल.

मंगळवारी खळीच्या वासात राहिलेलं पान रेकॉर्ड झालं. कोऱ्या पानाशी कलम थांबली आणि प्लायवूडच्या अलीकडे, माइकसमोर बसून मावशीने वाचलं. म्हणजे पाठच म्हटलं, आधी कलमला चारदा म्हणून दाखवलं होतं तसं: 'सतरावी पायरी मीच होते. माझ्यावर पाय देऊन सगळे वर गेले. उतरताना कुणी मला मोजलं नाही.'

घरी बाबांनी ते तीनदा ऐकलं. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग त्यांनी अचानक मान तिरकी केली, जशी त्या गुरुवारी केली होती.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मावशींच्या आधी कोण वाचतंय?"

कलमने हेडफोन ओढून घेतला, आवाज वाढवला. खरंच होतं. मावशीच्या घोगऱ्या शब्दांच्या अर्धा श्वास पुढे आणखी कुणीतरी होतं, अगदी हलकं, ओठांतल्या ओठांत. तिने श्वास रोखून पुन्हा ऐकलं, आणि मग तिला तो आवाज ओळखू आला.

"मीच आहे, बाबा," ती म्हणाली. "मला पाठ झालंय."